भरल्या उसाच्या ट्रॉलीचे पाटे बसतात, डावा टायर घासतो: दुखणं कुठं आहे ते कसं शोधायचं

सलग तीन हंगाम आमच्या मागच्या ट्रॉलीचा डावा टायर घासत होता. दिवाळी सरते, कारखान्याची गव्हाण सुरू होते, पहिल्या पंधरा-वीस खेपा नीट जातात आणि मग एका रात्री पुतण्याचा फोन येतो, "आण्णा, रबर जळल्याचा वास येतोय." टॉर्च मारून बघावं तर टायरच्या माथ्यावर काळी चकचकीत पट्टी उमटलेली आणि वर हौद्याच्या तळाची पट्टी घासून पांढरी पडलेली.

पहिल्या वर्षी मिस्त्रीकडून डाव्या बाजूला एक पाटा, म्हणजे वजन झेलणारी कमानदार पोलादी पट्टी, वाढवून घेतला. दुसऱ्या वर्षी हौद्याच्या तळाची पट्टी गॅसनं कापून टायरला जागा केली. तिसऱ्या वर्षी त्याच बाजूच्या मेन (सर्वांत वरच्या) पाट्याच्या टोकाचा, पिन बसते तो गोल तुटला आणि भरलेली ट्रॉली रात्री दोन वाजता वळणावर आडवी होता होता राहिली. मागून येणारा मोटारसायकलवाला अगदी शेवटच्या क्षणी थांबला. ती रात्र मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी पहिल्यांदा टेप घेऊन ट्रॉलीखाली गेलो, आणि जे दुखणं आम्ही तीन वर्षं अंदाजानं बरं करत होतो ते दोन दिवसांत सापडलं. कृष्णाकाठाला काय किंवा भीमेकडं काय, उसाची ट्रॉली असलेल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमची ट्रॉली दोन चाकी, एका धुऱ्याची (धुरा म्हणजे दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, अ‍ॅक्सल). ट्रॅक्टरमागं अशा दोन जोडतो. धुऱ्यावर दोन्ही बाजूंना कमान पाट्यांचा एकेक गठ्ठा, तो दोन यू-बोल्टनी आवळलेला, आणि हौद्याचा तळ चाकांच्या वर. चार चाकी ट्रॉलीचं वेगळं थोडंसं पुढं सांगेन.

टायर नेमका कुठं घासतो?

हा प्रश्न सुटल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. रात्री वास आला, ट्रॉली थांबवली, घाईत बघितलं, एवढ्यावर कारण ठरवता येत नाही. मी असं केलं: खेपेआधी टायर धुऊन पुसला आणि हौद्याच्या तळाला, चासीच्या बाजूला, मडगार्डच्या आत, जिथं जिथं टायर लागू शकतो तिथं तिथं दाट कालवलेला चुना लावला. चुना वाळल्यावर भरून कारखान्यापर्यंत एक खेप केली. चुना कुठला पुसला गेला आणि टायरवर पांढरं कुठं उमटलं, एवढंच बघायचं.

टायरच्या बरोबर माथ्यावर खूण असेल तर हौदा खाली येतोय. म्हणजे पाटे बसलेत, तुटलेत किंवा त्यांना झेपत नाही इतकं वजन पडतंय. आतल्या खांद्यावर, चासीच्या बाजूला खूण असेल तर धुरा आडवा सरकतोय: बुश (पिनेभोवतीची नळी) झिजलेत, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) ढिलं झालंय किंवा रिमची बैठक चुकीची आहे. खूण माथ्याच्या पुढं किंवा मागं असेल तर धुरा जागेवरून पुढंमागं गेलाय, आणि अशा वेळी बहुतेकदा सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधल्या भोकांतून जाणारा बोल्ट) तुटलेला असतो. फक्त वळणावर, तेही चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या चाकाला लागत असेल तर फिरत्या चकतीकडं बघा, जिच्यावर पुढची चाकं वळतात. चकतीच्या पट्ट्या झिजल्या की पुढचा हौदा एका अंगाला कलतो आणि चाक वळवलं की टायर चासीला भिडतो. तिथं पाट्यांना हात लावून काही उपयोग नाही.

आमची खूण माथ्यावर होती, पण जराशी मागच्या अंगाला कललेली. ते ‘जरासं’ मी त्या दिवशी सोडून दिलं असतं तर अर्धंच दुखणं सापडलं असतं.

टेप घेऊन खाली

मोजायला सपाट जागा लागते. शेतात किंवा रस्त्याकडेला मोजलेले आकडे फसवतात. सगळ्यांना मिळणारी सपाट जागा म्हणजे कारखान्याचं काँक्रीटचं आवार, आणि नंबर लागेपर्यंत आपण तिथं तासन्‌तास उभेच असतो. भरलेली ट्रॉली तिथंच मोजायची. खाली करून परत काट्यावर आलो की रिकामीही तिथंच मोजायची. दोन्ही वेळा दोन्ही टायरमध्ये हवा सारखी असू द्या. ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड, आणि फक्त बाजूनं हात घालून मोजायचं. भरल्या ट्रॉलीच्या खाली अंग घालायचं नाही.

मापं दोनच. एक, धुऱ्याच्या वरच्या कडेपासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत. दुसरं, टायरच्या माथ्यापासून हौद्याच्या तळापर्यंत. दोन्ही बाजूंची घ्यायची.

आमचे आकडे असे आले. रिकामी असताना धुरा ते चासी डावीकडं ११८ मिमी, उजवीकडं १३१. भरल्यावर डावीकडं ३४, उजवीकडं ६२. भरल्यावर डाव्या टायरच्या वर हौद्यापर्यंत जागा उरली फक्त २८ मिमी, म्हणजे जेमतेम एक इंच. काँक्रीटवर उभी असताना एक इंच, तर खड्ड्यात काय उरणार!

आता हे आकडे वाचायचे कसे? रिकामी असतानाच दोन बाजूंत १३ मिमीचा फरक होता. अंगावर ऊस नसतानाही डावी कमान उठत नव्हती, म्हणजे ती कायमची बसली होती. भरल्यावर डावी बाजू ८४ मिमी खाली आली आणि उजवी ६९. आणि इथंच मी थबकलो. डावीकडं नऊ पाटे होते आणि उजवीकडं आठ, कारण पहिल्या वर्षी आम्हीच डावीकडं एक वाढवला होता. सारख्याच जाडीचे नऊ पाटे आठांपेक्षा कडक असतात. उजवी बाजू आठ पाट्यांवर ६९ मिमी बसत असेल तर डावी नऊ पाट्यांवर ६१ च्या आसपास बसायला हवी होती. ती ८४ बसत होती. हिशेब उलटा मांडला तर नऊपैकी जेमतेम साडेसहा पाटे काम करत होते. उरलेले अडीच गठ्ठ्यात नुसते बसून होते.

गठ्ठा उघडल्यावर

यू-बोल्ट सोडले आणि गठ्ठा खाली घेतला. चौथा आणि पाचवा पाटा बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेले होते. बाहेरून काही कळत नव्हतं, कारण यू-बोल्टच्या पट्टीखाली तुकडे दाबून बसले होते. तुटलेल्या तोंडावर गंज चढलेला होता, म्हणजे हे या हंगामातलं नव्हतं. आणि आम्ही हौसेनं वाढवलेल्या पाट्याचा बाक बाकीच्यांपेक्षा कमी होता. तो मधे टेकत होता, पण टोकांना शेजारच्या पाट्याला नीट लागतच नव्हता. पाट्याच्या टोकावर चकचकीत घासलेली खूण नसेल तर तो पाटा भार घेत नाही, हे मिस्त्रींनी तेव्हा बोटानं दाखवलं.

पाटा कुठं तुटला यावरून तो का तुटला ते कळतं, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भोकातून तुटला तर बहुतेक वेळा यू-बोल्ट ढिले होते. यू-बोल्ट घट्ट असले की पाट्याचा मधला भाग धुऱ्याशी एकजीव राहतो, तिथं वाक येतच नाही. ढिले पडले की सगळा वाक मधे येतो, आणि भोकामुळं पाटा तिथंच सर्वांत कमजोर असतो. भोकापासून दूर, यू-बोल्टच्या कडेजवळ किंवा त्याच्याही पुढं तुटला तर ते वजनाचं आणि थकव्याचं लक्षण. पिनेच्या गोलाजवळ तुटला तर बुश, शॅकल आणि पिनेचं ग्रीस तपासा.

सेंटर बोल्टबद्दल आमच्याकडं मोठा गैरसमज आहे. तो धुरा धरून ठेवतो असं सगळे समजतात. त्याचं काम फक्त पाटे एका रेषेत ठेवायचं आणि धुऱ्यावरच्या खाचेत डोकं बसवायचं. धुरा धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. दाब गेला की सगळा धक्का सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. आमचा बोल्ट अर्धा कापला होता आणि डाव्या बाजूला धुरा बोटभर मागं सरकला होता. टायरवरची खूण मागच्या अंगाला का होती, ते तेव्हा समजलं. धुरा सरळ आहे का हे बघायची सोपी रीत: ट्रॉलीच्या हुकाच्या मधोमध खिळा धरून दोरी घ्या आणि धुऱ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत अंतर मोजा. दोन्ही सारखं हवं. आमच्याकडं १९ मिमीचा फरक होता. इतका तिरका धुरा टायर नुसता घासत नाही, तो प्रत्येक किलोमीटरला टायर आडवा ओढत असतो. तिसऱ्या हंगामात आमचा टायर एका बाजूनं का खाल्ला गेला, त्याचंही उत्तर तिथंच होतं.

डावीच बाजू का?

हा प्रश्न मला सगळीकडं विचारला जातो. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच, कडेला उतरता केलेला असतो. उसाची ट्रॉली उंच असते. समजा पाट्यांवर आठ टन आहेत, उसाच्या वजनाचा मध्य पाट्यांपासून दीड मीटर वर आहे, दोन कमानींमधलं अंतर एक मीटर आहे आणि रस्त्याला शंभराला तीन एवढा उतार आहे. मग उजव्या कमानीवरचे ३६० किलो उचलून डाव्या कमानीवर ठेवल्यासारखं होतं. आमची डावी कमान एक मिलिमीटर दबायला साधारण ३९ किलो लागत होते. म्हणजे काँक्रीटवर दिसलेल्या २८ मिमीमधले आणखी नऊ मिमी रस्त्यावर आल्या आल्या गेले. समोरून गाडी आली आणि डावं चाक साइडपट्टीवर उतरलं की उतार याच्या दुपटीनं वाढतो. हंगामभर रोज हेच. डावा गठ्ठा आधी थकणार यात नवल नाही.

दोन बाजूंचे पाटे दर दोन हंगामांनी अदलाबदल करावेत असं काही जुने मिस्त्री सांगतात. एका धुऱ्याच्या ट्रॉलीत दोन्ही गठ्ठे एकाच मापाचे असतील तर ते योग्य आहे. आम्ही आता तसंच करतो.

पाटा वाढवून काय मिळतं

जे गावोगाव पहिलं सुचवलं जातं, त्याचा हिशेब मांडतो. आठ पाट्यांच्या धडधाकट गठ्ठ्यात त्याच जाडीचा नववा घातला आणि तो सगळीकडं नीट टेकला, तरी ८० मिमी बसणारी कमान ७१ वर येईल. नऊ मिमीची कमाई. जिथं दोन-तीन इंच जागा हवी आहे तिथं नऊ मिमीनं काय होणार? आणि एकाच बाजूला वाढवला तर ट्रॉली दुसऱ्या अंगाला कलते आणि दुखणं तिकडं जातं.

"मग जाड पाटा घालू," असं म्हणणारेही भेटतात. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. १० मिमीऐवजी १२ मिमीचा घातला तर तो एकटा पाटा पावणेदोन पट कडक होतो. ऐकायला छान वाटतं. पण गठ्ठ्यातले सगळे पाटे एकत्रच वाकतात, आणि तेवढ्याच वाकात जाड पाट्याच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो. म्हणून दहाच्या गठ्ठ्यात घातलेला एकटा बाराचा पाटा बहुधा पहिला तुटतो. बदलायचे तर सगळे बदला, आणि दोन्ही बाजूंचे.

टायरची हवा वाढवली की घासणं थांबतं, हाही समज खोटा आहे. टायर खालून दबतो. त्याचा माथा धुऱ्यापासून जेवढा वर असतो तेवढाच राहतो. हवा कमी असली म्हणून माथा आणि हौदा यांच्यातली जागा कमी होत नाही. मात्र एकाच टायरमध्ये हवा कमी असेल तर ट्रॉली त्या अंगाला कलते, भार तिकडं सरकतो आणि तिकडची कमान जास्त बसते. म्हणून हवा सारखी आणि टायरवर लिहिल्याप्रमाणे हवीच, पण माथ्यावरच्या घासण्याला तो उपाय नव्हे.

टायरच्याच बाबतीत आमची एक मोठी चूक निघाली. मूळची चाकं ९.००-२० ची. मधे जुने १०.००-२० चे टायर स्वस्तात मिळाले म्हणून मागच्या ट्रॉलीला ते घातले. दहाचा टायर नऊपेक्षा व्यासानं साधारण ३५ मिमी मोठा आणि रुंदीला दोनेक सेंटिमीटर जास्त. म्हणजे माथ्यावरची साधारण १८ मिमी जागा आम्ही आमच्या हातानं घालवली होती. रिमोल्ड करून घेतलेल्या टायरवरही रबराचा थर मूळपेक्षा जाड बसलेला असू शकतो, तोही मोजा. दहाचा टायर जास्त वजन पेलतो हे खरं. पण तो घालायचा तर हौदा वर घ्यायची तयारी आधी हवी.

टायरवर आकडा असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. १४६/१४३ असं लिहिलं असेल तर एकट्या टायरला ३००० किलो आणि जोडटायरमध्ये प्रत्येकी २७२५ किलो, असा त्याचा अर्थ. काट्यावर फक्त त्या ट्रॉलीची चाकं उभी करून धुऱ्यावरचं वजन बघा आणि या आकड्याशी ताडून पाहा. काट्यावरच्या माणसाला विनंती केली तर गर्दी नसताना तो करू देतो. आमचा आकडा बघितल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही.

आम्ही काय केलं

दोन्ही गठ्ठे खाली घेतले. मेन पाटा आणि त्याखालचा दोन्ही बाजूंना नवा, तुटलेले नवे, वाढवलेला नववा काढून टाकला. उरलेल्या जुन्या पाट्यांची कमान पुन्हा चढवली. इथं नीट लक्ष द्या. कमान चढवायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे थंड पाटा ऐरणीवर घणानं ठोकत वाकवायचा. ती स्वस्त, तासाभरात होणारी आणि हंगामभरही न टिकणारी. दुसरीत पाटा भट्टीत लाल करून बाक देतात, तेलात विझवून कडक करतात आणि मग पुन्हा ठराविक उष्णतेपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. लोहारकामात याला पाणी देणं म्हणतात. हे दोन टप्पे झाले तरच कमान टिकते. आधीचा टप्पा करून दुसरा चुकवला तर पाटा काचेसारखा तडकतो. कमानीचंच काम करणारा कारागीर शोधा, आणि पाणी कसं देता हे स्पष्ट विचारा. ज्याला येतं तो आनंदानं दाखवतो.

पाटा ट्रॉलीवर असतानाच गॅसच्या ज्योतीनं तापवून उचलणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. जिथं ज्योत लागली तिथलं पाणी उतरलं. कमानीवर वेल्डिंगचा ठिपकासुद्धा पडू देऊ नका. शेजारी वेल्डिंग करायचंच असेल तर पाट्यांवर ओलं पोतं टाका आणि वेल्डिंगच्या अर्थिंगची तार पाट्याला जोडू नका.

यू-बोल्ट नवेच घेतले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा आवळला तरी दाब धरत नाही. चारही नट थोडे थोडे, तिरक्या जोडीनं आवळत गेलो. पहिली भरलेली खेप झाली की ते पुन्हा आवळायचे, कारण पाटे, रंग, पट्टी सगळं दबून बसतं आणि नट सैल होतात. आमची दर वर्षीची खरी चूक हीच होती. नवीन काम झालं, ट्रॉली निघाली, आणि पुन्हा कुणी पाना लावला नाही. आता पहिल्या खेपेनंतर, मग आठवड्यानं आणि मग दर महिन्याला, असं ठरलेलं आहे. नटाशेजारी गंजाची तांबूस धार किंवा चकचकीत सरकल्याची खूण दिसली की तारीख आली नसली तरी आवळायचं.

बुश आणि पिना बदलल्या. आधी पहार लावून हलवून बघितलं होतं: चासी आणि शॅकलच्या मधे पहारीचं टोक घालून आडवं दाबलं, तर धुरा बोटभर हलत होता. बुशचा खर्च या सगळ्यात सर्वांत कमी, आणि दुर्लक्ष सर्वांत जास्त होतं ते त्याच्याकडंच.

टायर पुन्हा ९.००-२० चे, जास्त प्लायचे, म्हणजे आत धाग्यांचे जास्त थर असलेले. आणि मुख्य गठ्ठ्याच्या वर दोन पाट्यांचा हेल्पर बसवला. हेल्पर रिकाम्या ट्रॉलीला लागत नाही. भार येऊन कमान ठराविक दबली की त्याची टोकं चासीवरच्या टेकूला भिडतात आणि मग तो वजन घेतो. मुख्य गठ्ठाच फार कडक केला तर रिकाम्या परतीच्या खेपेला ट्रॉली दगडासारखी आदळते, हौद्याचे वेल्ड उकलतात. म्हणून वाढवायचंच असेल तर गठ्ठ्यात पाटा कोंबण्यापेक्षा हेल्पर बरा. त्याच्यासोबत धुऱ्याच्या वर चासीला रबरी बफर लावला, म्हणजे मोठ्या खड्ड्यातसुद्धा टायर भिडायच्या आधी बफर टेकेल.

धुरा आणि पाटे यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालून हौदा वर घेण्याचा पर्याय मिस्त्रींनी सांगितला होता. मी नाही म्हटलं. उसाची ट्रॉली आधीच उंच, आणखी दोन इंच वर घेतली तर साइडपट्टीवर उतरल्यावर कलंडायचा धोका वाढतो. कुणाला करायचंच असेल तर एकच घडीव ठोकळा, खाचेसह, आणि त्या मापाचे लांब यू-बोल्ट घ्या. दोन ठोकळे एकावर एक किंवा लाकडाचा तुकडा कधीही नाही.

शेवटचं काम घरातल्यांना पटवायला सर्वांत अवघड गेलं. प्रत्येक ट्रॉलीवर मोळ्यांचा एक थर कमी केला, साधारण टनभर ऊस. वाहतूक टनावर मिळते, त्यामुळं थर कमी करणं म्हणजे रोजचे पैसे सोडणं. पुतण्या म्हणाला, "आण्णा, शेजारची ट्रॉली आपल्यापेक्षा दोन टन जास्त नेती." मी त्याला टायर, पाटे, बुडालेल्या खेपा आणि त्या रात्रीचा हिशेब वहीत मांडून दाखवला. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. पण मला त्याला दंडाची भीती घालायची नव्हती. भरलेल्या ट्रॉलीच्या पुढं तो स्वतः बसतो.

काम झाल्यावर त्याच काँक्रीटवर पुन्हा मोजलं. रिकामी डावी १२८, उजवी १३०. भरलेली डावी ७०, उजवी ७२. टायरच्या माथ्यावर जागा ८२ मिमी, म्हणजे सव्वातीन इंच. भरलेल्या ट्रॉलीला तीन इंचांच्या खाली जागा राहू द्यायची नाही, असा आमचा नियम आहे. धुऱ्यापर्यंतची दोरी दोन्ही बाजूंना सारखी आली.

रात्री रस्त्यात घासायला लागला तर

रस्ता सोडून कडेला, शक्य तेवढ्या सपाट जागी घ्या. मागं लांबवर काहीतरी ठळक, चमकणारं लावा आणि एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. उभ्या, बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळून दर हंगामात माणसं जातात. रिफ्लेक्टर पाचटानं झाकला गेला असेल तर तो मोकळा करा. मग टायर आणि हौद्यामधे अडकलेलं पाचट काढा. वाळलेलं पाचट आणि तापलेलं रबर एकत्र आलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

टायरमधले धागे दिसत असतील तर पुढं जायचं नाही. दिसत नसतील आणि कारखाना जवळ असेल, तर घासणाऱ्या बाजूच्या वरच्या मोळ्या उतरवून दुसऱ्या अंगाला किंवा खाली ठेवा आणि पायी चालायच्या वेगानं न्या. जॅक लावायचा तर धुऱ्याखाली, फळीवर, आणि जॅकशेजारी जाड लाकडी ठोकळा रचूनच. मातीत जॅक सरकतो. जॅकवरच्या भरल्या ट्रॉलीखाली हात घातलेली दोन माणसं मी ओळखतो, दोघांच्या हाताची बोटं गेली.

हंगाम संपल्यावर

गाळप थांबलं की ट्रॉली बांधावर उभी राहते आणि तिच्यावर कडबा, बेण्याचा ऊस, खताची पोती चढत जातात. पाटे पावसाळाभर दबलेले राहतात. आता आम्ही ट्रॉली रिकामी करून धुऱ्याखाली ठोकळे लावतो, पाट्यांमधली माती पाण्यानं धुऊन काढतो आणि वाळल्यावर टोकांना ग्रीस लावतो.

आणि खंडेनवमीला, ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन हळद-कुंकू लावायच्या आधी, पुतण्या टेप घेऊन बसतो. चासीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: रिकामी, डा. १२८, उ. १३०. या वर्षी डावी १२६ भरली. यू-बोल्टचा एक नट अर्धा आटा सैल होता. तो आवळला, नवा आकडा खाली तारखेसह लिहिला आणि मग पूजा केली.